चौथी साक्ष

"खुनी कोण ते चौथ्याच साक्षीत सांगून मोकळा झालाय शहाणा!" आत्याने दोऱ्याला मेण चोळत म्हटलं. "लिहा, बाई. एक शब्द गाळू नका."

ग्रंथपाल बाईंनी अभिप्रायाचा कागद पुठ्ठ्यांच्या चळतीवर टेकवला. एका नव्या लेखकाच्या कादंबरीचे सुटे फर्मे, म्हणजे घडी घातलेले छापील ताव, प्रकाशकाने शाळेकडे पाठवले होते; पानांवर किंवा प्रकरणांवर आकडेही पडले नव्हते. शाळेने होकार दिला तर पुस्तक निघणार, नाही तर तिथेच बारगळणार. बाईंनी ते आत्याकडूनच शिवून घेतले होते, कारण ही बाइंडर शिवलेलं प्रत्येक पुस्तक वाचायची आणि तोंडावर मत सांगायची. सगळी गल्ली तिला आत्या म्हणे. खरी भाची एकच.

"राजवाड्यातल्या अत्तरवाल्याला कुणी तरी विष देतं. देऊ दे बापडं. तपास कोण करतं? घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराची तेरा वर्षांची पोर! का, तर तिच्याशी भिंती बोलतात. अहो, भिंतीच बोलायला लागल्या तर तपास कसला डोंबलाचा?"

"मुलांना जादू आवडते, आत्या."

"आवडू दे की. पण दहा प्रकरणं म्हणजे दहा साक्षी, त्यात चौथीतच राजवैद्य कबूल करतो, मीच केलं म्हणून. पुढच्या सहा साक्षी पोरांनी काय माशा मारायच्या? सरळ नको म्हणून कळवा."

बाईंनी 'नको' लिहिलं. तेवढ्यात भाची शाळेतून आली आणि दप्तर न उतरवताच थबकली.

"नको? मी दोनदा वाचलं ते!"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"वैद्य खुनी आहे हे कळतं ना, तिथूनच तर खरी मजा! पाचव्या साक्षीत तो मोतद्दाराच्या बायकोला काढा देतो. सगळे म्हणतात, देवमाणूस आहे. मला एकटीला माहीत असतं. मी मोठ्याने ओरडले, पिऊ नकोस गं! आई धावत आली आतून."

बाई हसल्या. आत्या हसली नाही.

"फक्त आठवी साक्ष विचित्र आहे," भाची म्हणाली. "तिथे वैद्याचं कुणालाच काही माहीत नसतं. सगळे अत्तरवाल्याच्या पुतण्यालाच धरा म्हणतात. मला वाटलं, लेखकाने मुद्दाम मागे नेलं असेल."

आत्याने हातातलं दाभण खाली ठेवलं. चष्मा पुसला. प्रत जवळ ओढून चौथी साक्ष उघडली आणि पानाच्या तळाशी बोट नेलं. तिथे छापखाना बाइंडरसाठी फर्म्याचा क्रमांक बारीक अक्षरात टाकतो. आठ. तिने आठवी साक्ष उघडली. चार.

साक्षीमागे एक फर्मा, म्हणून अदलाबदल होऊनही वाक्य कुठे तुटलं नव्हतं. तीस वर्षांत एकदा या आकड्यांवर नजर फिरवायची राहिली, आणि ती नेमकी इथे.

"काय झालं हो?" बाईंनी विचारलं.

चूक कबूल करायला कुणी भाग पाडत नव्हतं. कागदावर 'नको' वाळत आलं होतं.

"खोडा ते," आत्या म्हणाली. "फर्मे उलटेपालटे शिवलेत. मीच. खुन्याला लेखकाने आठवीपर्यंत धड लपवला होता."

बाईंनी 'नको' खोडलं. भाची आळीपाळीने दोघींकडे पाहत होती.

"मग पुस्तक चांगलं आहे म्हणून लिहू?"

"छे! भिंतींबद्दल मी बोलले ते सगळं तसंच राहू द्या. एक अक्षर बदलू नका." आत्याने शिवण उसवायला पातं उचललं. भाचीने पुस्तकावर दोन्ही हात पालथे घातले.

"ही प्रत नको ना उसवूस, आत्या."

 आत्याने पातं मिटलं, पुस्तक हातांखालून अलगद सोडवून घेतलं आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"अशीच पाठवा त्या लेखकाला. चूक बाइंडरची आहे म्हणून लिहा. आणि म्हणावं, याच क्रमाने एकदा वाचून बघ."