कॅमेरा चालूच होता

घोड्यावरून पडायला रॉस्को टिलरीला कुणी शिकवलं नव्हतं. ओक्लाहोमात बापाच्या घोड्यांनी त्याला पोरवयातच इतकं आपटलं होतं, की पडणं त्याच्या अंगवळणी पडलं. विशीत तो हॉलिवूडला आला तेव्हा त्याच्यापाशी ही एवढीच विद्या होती, आणि तिथे तिला गिऱ्हाईक होतं.

पुढची कित्येक वर्षं तो दुसऱ्यांच्या नावाने पडला. देखण्या नटांचे कपडे घालून छपरावरून कोसळला, पेटत्या गाडीतून उडी टाकली, जिन्यावरून गडगडत खाली आला. हा कपडे झटकत उठायचा, की नट येऊन याच्या जागी आडवा व्हायचा आणि कॅमेरा जवळ सरकायचा. रॉस्कोला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "चेहरा त्यांचा, हाडं माझी," असं म्हणून तो हसायचा. हाडं मोडायचीही. मग बायको, नेल्डा, धुतलेला शर्ट घेऊन इस्पितळात यायची, त्याला गाडीत घालायची आणि घरी न्यायची.

धंद्यात त्याचा जोडीदार होता ऑर्व्हिल पीक. घोड्यांवर रॉस्को, गाड्यांवर ऑर्व्हिल, अशी वाटणी. एकदा जळत्या छकड्याखालून ऑर्व्हिलने त्याला पाय धरून ओढून काढला होता. तेव्हापासून दोघांत सख्ख्या भावांसारखं.

रॉस्को नट झाला तो अपघातानेच. न्यूहॉलच्या टेकड्यांत एका काउबॉयपटाचं काम चाललं होतं. खलनायकाचा उजवा हात झालेला नट दिग्दर्शकाशी भांडून तरातरा निघून गेला. दिग्दर्शकाने चार शिव्या हासडल्या आणि मातीत बसलेल्या रॉस्कोकडे बोट केलं.

"ए टिलरी, तुला बोलता येतं का?"

"गरज पडली तर."

"मग आज पडू नकोस. बोल."

लोकांना तो आवडला. ठोसा खाल्ला की त्याचं डोकं खरंच सणकल्यासारखं दिसायचं. पाच-सहा वर्षांत त्याचं नाव पोस्टरवर सगळ्यात वर लागू लागलं. अभिनयाच्या नावाने मात्र बोंबच होती. 'टिलरीपेक्षा त्याच्या घोड्याच्या तोंडावर जास्त भाव दिसतात,' असं एका पेपरवाल्याने लिहिलं. ऑर्व्हिलने ते भर पार्टीत मोठ्याने वाचून दाखवलं आणि सगळ्यांत जास्त रॉस्कोच हसला.

नाव झालं आणि त्याचं पडणं बंद झालं. विमेवाले परवानगी देईनात. आता त्याचे कपडे घालून दुसरे पडू लागले.

एकच गोष्ट त्याने घरात निक्षून सांगितली होती. मुलगी कोरीन सोळा वर्षांची असताना गॅरेजच्या छपरावरून जुन्या गादीवर उड्या मारताना सापडली. त्या दिवशी तो तिच्यावर असा ओरडला, की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"या घरात एकाची हाडं मोडली तेवढी बास झाली. या धंद्यात पाऊल टाकलंस तर मी मेलो समज."

शाळा संपल्यावर कोरीन नर्सिंग शिकायला बेकर्सफील्डला गेली. दर रविवारी तिचा फोन यायचा.

त्यानंतर तीनेक वर्षांनी एका गुरुवारी शहराच्या मधल्या भागातला एक रस्ता शूटिंगसाठी बंद केला होता. सकाळचं कोवळं ऊन होतं. फेलकँप नावाच्या दिग्दर्शकाला रस्ता चमकायला हवा होता, म्हणून टँकरने पाणी मारलं होतं. प्रसंग साधा होता. नायिका रस्ता ओलांडते, गाडी तिला उडवते, नायक धावत येतो आणि तिला उताणी करतो. फेलकँपला हे सगळं एका दमात हवं होतं. मुलीची पाठ कॅमेऱ्याकडे राहणार होती, रॉस्कोचा चेहरा समोर.

गाडी ऑर्व्हिल चालवणार होता आणि नायिकेच्या जागी बेट्स नावाची सराईत बाई पडणार होती, निदान रॉस्कोला तसंच माहीत होतं. तो अगदी ऐनवेळी येऊन आपल्या जागेवर उभा राहिला. पलीकडच्या फुटपाथवर सोनेरी विग आणि हिरवा कोट घातलेली पाठमोरी आकृती त्याला दिसली. त्याने हात केला. तिने मागे न बघता हात केला.

या कामात सगळी करामत एका क्षणाची असते. गाडी अंगाला लागायच्या आत उडी घ्यायची, बॉनेटवर लोळायचं आणि काचेवरून बाजूला पडायचं. ऑर्व्हिलची गाडी आली. मुलीने उडी घेतली, पण ओल्या डांबरावर तिचा पाय सरकला. बॉनेटवर अंग पडल्याचा आवाज रॉस्कोच्या कानाला सवयीचा होता, धपकन येणारा. हा आवाज कोरडा आला, फळी मोडल्यासारखा.

तो धावला, गुडघ्यावर बसला, तिचा खांदा धरून तिला वळवलं. विग निसटून बाजूला गेला.

कोरीन होती.

त्याच्या डोक्यात आलेला पहिला विचार अगदीच खुळा होता. आज गुरुवार आहे, हिचा वर्ग असेल, ही इथे कशी? ही तर बेकर्सफील्डला आहे. तो तिच्याकडे बघत राहिला आणि बेकर्सफील्ड, बेकर्सफील्ड एवढंच मनात घोळत राहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. उजवा पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळला होता.

"डॅड," ती दात आवळून पुटपुटली, "कॅमेरा चालू आहे. वर बघ."

त्याने वर बघितलं. तिने सांगितलं म्हणून नव्हे. त्या पायाकडे बघवेना, म्हणून. तोंड उघडं होतं आणि आतून काहीच येत नव्हतं, आवाज नाही, श्वाससुद्धा नाही.

"कट!" फेलकँप आनंदाने ओरडत पुढे आला. "टिलरी, अरे लेका, हे इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतंस?" मग त्याची नजर खाली गेली आणि तो जागच्या जागी थिजला.

ऑर्व्हिल गाडीतून उतरून दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा होता. "रॉस, तिचा पाय सरकला रे. मी ब्रेक मारला, पण रस्ता..."

"तुला माहीत होतं ही कोण आहे ते."

"बेट्सची पाठ काल धरली. हीच म्हणाली, मी करते." ऑर्व्हिलने डोक्यावरचे हात खाली घेतले. "दोन वर्षं मीच शिकवतोय तिला."

रॉस्कोला त्याला ठोसा मारायचा होता. उभ्या आयुष्यात त्याने हजारो खोटे ठोसे मारले असतील. हा खरा होता, आणि हात उचलला जाईना.

इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, मांडीचं हाड आणि खुब्याचं हाड, दोन्ही मोडली आहेत, पण जीव वाचला. थोड्या वेळाने नेल्डा आली. हातात कोरीनचा धुतलेला गाऊन होता. तो बघून रॉस्को चमकला.

"नेल्डा, कसं सांगू तुला... गाडीखाली आली ती बेट्स नव्हती."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"आज तिचं काम होतं ते मला ठाऊक होतं. तू गेल्यावर घरी आली होती ती. अंडी करून वाढली मी."

सकाळपासून रॉस्कोला वाटत होतं, आता याहून मोठा धक्का उरलेला नाही. तो भिंतीला टेकला.

"आणि नर्सिंग?"

"पहिल्याच वर्षी सोडलं. रविवारी फोन करायची ना, तो ऑर्व्हिलच्या घरून."

"आणि तू तिला जाऊ दिलंस? आई ना तू तिची?"

"तुला कुणी जाऊ दिलं होतं?" नेल्डाचा आवाज चढला. बाकावर बसलेली माणसं वळून बघू लागली. "मी अडवलं असतं तर ती भलत्याच कुणाकडे शिकली असती. ज्याला तिच्या जिवाची पर्वा नाही अशा माणसाकडे. ऑर्व्हिल निदान आपला होता." तिच्या हातातून गाऊन खाली पडला. "तू आज डोळ्यांनी बघितलंस, रॉस्को. मी फोन वाजायची वाट बघत बसते. आधी तुझ्यासाठी बसले, आता तिच्यासाठी. यात जास्त वाईट काय, तूच सांग."

त्याने गाऊन उचलला आणि त्याची घडी घालायचा प्रयत्न करू लागला. ती जमेना. तरी तो घालत राहिला.

फेलकँपने स्वतःहून विचारलं, ते दृश्य कापू का? रॉस्को म्हणाला, "कापायचं काय, जाळून टाक." पण प्लॅस्टरमध्ये पडलेल्या कोरीनला हे कळलं तशी ती उसळली.

"जाळायचं? मग माझा पाय मोडला कशाला?"

"मला ते पडद्यावर बघवणार नाही, पोरी."

"नको बघूस. पण ते माझं काम आहे. पडले मी, विव्हळले नाही, चेहरा फिरवला नाही. तुझ्यासाठी कुणी पडलं की तू ते कापायला लावतोस का?"

त्याने हे कधीच केलं नव्हतं. दृश्य राहिलं. सिनेमा लागला तेव्हा त्या जागी थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ज्या पेपरवाल्याने घोड्याची थट्टा केली होती त्यानेच लिहिलं, टिलरी आता खरा नट झाला. लोक हात हातात घेऊन विचारत, कसं केलंत हो? "मी काही केलं नाही," तो सांगायचा, आणि लोक म्हणायचे, केवढा नम्र माणूस! मग दुःखी बापांच्या भूमिका येऊ लागल्या. एक त्याने घेतली. दिग्दर्शक दिवसभर म्हणत राहिला, "तसंच करा ना, त्या सिनेमातल्यासारखं." ते पुन्हा आलं नाही. रॉस्कोनेही ते आणायचा फारसा प्रयत्न केला नाही.

दीड वर्षाने कोरीनने जेवताना काटा खाली ठेवला.

"गुरुवारी पडतेय मी. सहाव्या मजल्यावरून, हवेच्या गादीवर. या वेळी आधी सांगतेय. येणार?"

तो गेला. गादीपाशी ऑर्व्हिल होता. मधल्या काळात दोघं बोलले नव्हते. रॉस्को गादीभोवती फिरला, प्रत्येक कोपरा तळहाताने दाबून बघितला.

"मी तपासलंय सगळं," ऑर्व्हिल म्हणाला.

"तपासलं असशील."

"तू पण बघ. बघच." ऑर्व्हिल बाजूला सरकला आणि शेवटचे दोन कोपरे दोघांनी मिळून दाबले.

वर कठड्यावर कोरीन उभी राहिली. इशारा झाला. ती मागे झुकली आणि सुटली. रॉस्कोने डोळे मिटले नाहीत. मग गादीने तिला गिळलं, हवा सुस्कारत बाहेर पडली आणि ती कडेवरून घसरत खाली उतरली.

"कसं झालं?"

"डावा खांदा उशिरा वळवलास," तो म्हणाला. आवाज आपला आहे यावर त्याचा विश्वास बसेना.

कोरीन हसली. "त्यांना पण पटलं नाही. पुन्हा एकदा हवंय म्हणे." आणि किंचित लंगडत ती जिन्याकडे निघाली.

रॉस्को तोंड उघडं टाकून तिच्या पाठीकडे बघत उभा राहिला. ऑर्व्हिलने गादीत पुन्हा हवा भरायला सुरुवात केली होती.