नारिंगी नाकाची बंदूक

आमच्या दुकानात खऱ्या बंदुका मिळत नाहीत. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या रविवारनंतर लोकांच्या जिभांना हाड राहिलेलं नाही. आम्ही नकला करतो. जुन्या महायुद्धांत शिपाई ज्या रायफली खांद्याला लावायचे, तशाच हुबेहूब. तसाच लांब दस्ता, तशीच नळी, तसाच मागे ओढायचा बोल्ट. पण आतून निघतो प्लास्टिकचा छर्रा, वाटाण्याहूनही बारीक. अंगावर बसला तर मुंगी चावल्यासारखं होतं. डोळ्यात गेला तर मात्र डोळा गेलाच, म्हणून खेळणारे सगळे मोठाले चष्मे लावतात.

लोखंडाचं काम मोठ्या मुलाचं. लाकडाचं माझं. चौथीत शाळा सुटली माझी, पण अक्रोडाच्या फळीवरून अंगठा फिरवला की ती कुठे फुटणार ते मला कळतं. माझ्या नवऱ्याच्या हातचे दस्ते गिऱ्हाइकं परत आणायची, माझ्या हातचा एकही कधी परत आला नाही. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण खरं ते खरं.

सगळ्यात शेवटी नाक. नकली बंदुकीच्या तोंडाला नारिंगी रंग द्यावा लागतो, म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळतं की हे खेळणं आहे, घाबरू नका. तो रंग मी कोणाला देऊ देत नाही. स्वतः कालवते, दोन हात देते. रंग आत उतरू नये म्हणून नळीच्या तोंडात एक लाकडी खुंटी बसवते, पेन्सिलीहून जरा बारीक. वीस वर्षं तीच खुंटी. आमची सोडा, दुसऱ्या दुकानांच्या नकलांनासुद्धा ती घट्ट बसते, कारण छर्रा सगळीकडे एकाच मापाचा.

गावाबाहेर साबणाचा बंद कारखाना आहे, तिथे दर रविवारी सकाळी खेळ होतो. दाराशी पंच प्रत्येकाची बंदूक तपासतो. माझं नाक दिसलं की तपासत नाही. ‘बाईंचं नाक आहे, जाऊ दे आत,’ म्हणतो. मला त्याचा फार अभिमान होता.

माझा धाकटा वायरमन आहे, पण रविवारी त्याला दुसरं काही सुचत नाही. या खेळाचा एक नियम आहे. छर्रा लागला की ज्याला लागला त्यानेच हात वर करायचा, ‘लागलं’ म्हणायचं आणि बाहेर जायचं. दुसरं कोणी बघायला नसतं, सगळा कारभार इमानावर. एका रविवारी धाकट्याने एकाला तीनदा टिपलं आणि तो तीनदाही गप्प राहिला. मग खेळ संपल्यावर आमच्या चिरंजिवांनी चारचौघांत त्याला खोटारडा म्हटलं, वर त्याच्या हातातली बंदूक काढून घेऊन म्हणाले, ‘जा, घरी जाऊन लपंडाव खेळ.’ सगळे खो खो हसले. जेवताना त्याने ते सांगितलं तेव्हा मीही हसले. जीभ माझ्यावरच गेलीय त्याची.

पुढच्या मंगळवारी एक माणूस दुकानात आला. मोठा मुलगा आदल्या दिवशीच लाकूड आणायला टेम्पो घेऊन परगावी गेला होता. मी आणि सून, दोघीच होतो. माणूस चाळिशीचा, नीट भांग पाडलेला, हातात कातडी मोजे. उकाड्याचे दिवस, तरी मोजे. चादरीत गुंडाळलेली रायफल त्याने टेबलावर ठेवली ती इतकी हळू, जणू झोपलेलं मूल.

“आजी, दस्ता तडकलाय.”

“आजी तुमच्या घरी. इथे मला बाई म्हणतात.”

“चुकलो, बाई. दुसऱ्या दुकानातून घेतली. पण लाकडाला हात लावावा तर तुम्हीच, असं सगळे म्हणतात.”

मला गोड बोलणारी माणसं आवडत नाहीत, पण खरं बोलणारी आवडतात. मी बंदूक उचलली. जड होती. बोल्ट जागेवर नव्हता.

“त्याची स्प्रिंग बदलायला दिलीय,” तो म्हणाला. “तुम्ही दस्ता जोडा आणि तुमचं ते नाक लावा. नाकाशिवाय आत घेत नाहीत ना.”

“आधीचं नाक कुठे गेलं?”

“खरवडलं गेलं.”

सून हळूच म्हणाली, “आई, हे आल्यावर दाखवूया का? शनिवारी रात्रीपर्यंत येतीलच.”

“तुझे हे रांगत होते तेव्हापासून मी दस्ते घासतेय,” मी म्हटलं. ती चहा ठेवायला आत गेली. तिचं ते ‘दाखवूया का’ आता मला रोज ऐकू येतं.

जाता जाता त्याने विचारलं, “तुमचा धाकटापण खेळतो म्हणे. फार तरबेज आहे.”

“तरबेज म्हणजे! जिन्याखालच्या निळ्या पिंपामागे बसतो, आजवर कोणाला सापडला नाही.” कौतुकाने माझ्याच तोंडातून निघालं.

“निळं पिंप,” तो म्हणाला. “यावेळी वाद होणार नाही बघा. लागलं की सगळ्यांना दिसेल.”

मला वाटलं, समजूतदार माणूस आहे.

तीन दिवस मी तो दस्ता घेऊन बसले. जुनं लाकूड होतं, गाल टेकतो तिथे खोलगट झालेलं. कोणीतरी वर्षानुवर्षं गाल टेकल्याशिवाय लाकूड तसं झिजत नाही. मी म्हटलं, काय नक्कल केलीय, माझ्या तोडीचं कोणीतरी आहे म्हणायचं. जरा जळफळाटच झाला. शुक्रवारी नाक लावायला घेतलं. खुंटी बसवली तर ती सुळकन आत गेली. बंदूक उलटी करून आपटली तेव्हा बाहेर आली, काळी होऊन. तिला कसलासा जळका वास येत होता. ‘शी! साधं भोकसुद्धा मापात पाडता येत नाही मेल्यांना,’ असं म्हणून मी खुंटीला चिंधी गुंडाळली, घट्ट बसवली आणि रंगाचे दोन हात दिले. इतकं सुरेख नाक मी आजवर लावलं नव्हतं. शनिवारी दुपारी तो येऊन घेऊन गेला.

मोठ्याला यायला उशीर झाला. रविवारी सकाळी तो पोचला तेव्हा धाकटा केव्हाच खेळायला गेला होता. मोठ्याने चहाचा कप हातात घेतला आणि माझ्या बाकावरची खुंटी उचलली.

“आई, हिला चिंधी कशाला?”

“त्या मोजेवाल्याच्या बंदुकीचं भोक मोठं होतं.”

“मोठं म्हणजे केवढं?” त्याने कप खाली ठेवला. “नळीत डोकावलीस? आत रेषा होत्या, पिळाच्या?”

“होत्या. तेवढं काम मात्र बरं केलं होतं.”

“नकलेत पीळ नसतो गं, आई, खरीत असतो,” एवढंच तो म्हणाला आणि टेम्पोकडे धावला. मी मागून, पायात चपला न घालता. ‘यावेळी वाद होणार नाही’ म्हणणारा तो, धाकट्याने तीनदा टिपलेला माणूसच होता, हे मला तेव्हा कळलं. धाकट्याचा फोन लागत होता, कोणी उचलत नव्हतं. खेळायच्या आधी सगळ्यांचे फोन पेटीत ठेवतात.

कारखान्याच्या दाराशी पंच खुर्ची टाकून बसला होता.

“मोजेवाला? आला ना. तुमचंच नाक होतं, सोडला. पण थांबा बाई, चष्म्याशिवाय आत जाता येत नाही! उघड्या डोळ्यांचं माणूस दिसलं की अख्खा खेळ थांबवावा लागतो.”

मोठा त्याला समजावत बसला. मी थांबले नाही. जवळचं वाचायचा माझा चष्मा होता, तोही काढून मुठीत धरला आणि थेट मधल्या मोठ्या खोलीत जाऊन उभी राहिले. चारी बाजूंनी टपटप छर्रे उडत होते. दोन माझ्या दंडाला चावले.

“चष्मा नाही! चष्मा नाही!” कोणीतरी ओरडलं. मग सगळेच ओरडले. आवाज थांबला. खांबांआडून, खिडक्यांतून, कोपऱ्यांतून बंदुका खाली झुकल्या. माझी सगळी नाकं जमिनीकडे वळली.

एक वळलं नाही.

समोरच्या पोटमाळ्यावर फुटक्या खिडकीत ते होतं, ताजं, दोन हातांचं. माझ्याकडे नव्हतं. जिन्याखालच्या निळ्या पिंपाकडे होतं. आणि त्या पिंपामागून, नियम पाळायचा म्हणून, माझा धाकटा बंदूक खाली टाकून सरळ उभा राहिला.

“आई? तू इथे काय करतेस?”

त्याला आडोशातून मीच उठवलं होतं. खाली बस म्हणून ओरडावं, तर तो आधी कारण विचारणार. मी दोन्ही हात वर केले आणि खिडकीकडे तोंड करून म्हटलं,

“लागलं! आमच्या घराला लागलं. माझा लेक चारचौघांत तुम्हाला बोलला, ते चुकलं. मीही हसले, तेही चुकलं.”

आयुष्यात मी कोणाची माफी मागितली नव्हती. नवऱ्याचीही नाही, सासूची तर नाहीच नाही.

“अगं पण तो खरंच खोटा—” धाकटा सुरू झाला.

“तोंड बंद ठेव!” मी त्याच्याकडे चालत होते. पायाखाली छर्रे घरंगळत होते. त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले, तेव्हा नाक माझ्या छातीच्या रेषेत आलं. लांबून अगदी खेळण्यासारखं दिसत होतं. घाबरू नका, असं सांगणारं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग ते हळूच मागे सरकलं आणि खिडकीत नुसता अंधार उरला.

वर माणसं गेली तेव्हा तो नव्हता. बंदूकही नव्हती. खिडकीच्या कठड्यावर एक काडतूस नीट उभं करून ठेवलेलं होतं, माझ्या मधल्या बोटाएवढं. दारातल्या वहीत लिहिलेलं नाव आणि पत्ता दोन्ही खोटी निघाली. पोलिसांनी मला दोनदा विचारलं, “बंदुकीची खूण काय?” दोनदाही मी सांगितलं, “नारिंगी नाक. माझ्या हातचं.” त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तसल्या नाकाच्या या गावात दोनशे बंदुका आहेत.

आता दर रविवारी पंचाच्या शेजारी खुर्ची टाकून मी बसते. खुंटीची चिंधी काढून टाकली आहे. येणाऱ्या प्रत्येकाच्या बंदुकीच्या तोंडात खुंटी घालून बघते. पोरं हसतात, “बाई, आमची पण?” मी म्हणते, “तुझ्या बापाची असती तरी.” घट्ट बसली की आत सोडते. मोजे घातलेला कोणी दिसला की माझा हात जरा हळू होतो. खुंटी टेकवते, आणि दाबायच्या आधी एक क्षण थांबते.