भिंगावर वाळलेले तेल

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. रक्त तपासणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मित्रांनो, भिंग वर-खाली करणारी माझी चाके अजून लोण्यासारखी फिरतात, म्हणून येणारे-जाणारे माझे कौतुक करतात. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

पूर्वी लॅबमधल्या ताई रक्ताचा थेंब पसरलेली प्रत्येक काच माझ्याखाली निरखून पाहत. माझ्या मोठ्या भिंगाला काचेवर तेलाचा थेंब लागतो. काम झाले की त्या भिंग मऊ कागदाने पुसत. मग पेशी मोजणारे यंत्र आले. माझ्यात बघणे नावापुरते उरले आणि तेल भिंगावरच वाळू लागले.

त्याच सुमारास ताईंच्या आईच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, जीभ सोलवटली. दम्यासाठी त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. ताईंनी त्यांचे रक्त आणले. पेशंटचे रक्त आधी, घरचे शेवटी, ही आमच्या लॅबची रीत. यंत्राने पांढऱ्या पेशी अगदी हव्या तितक्या दाखवल्या. मग ताई घाईघाईने माझ्यात डोकावल्या. वाळलेल्या तेलातून मी त्यांना नुसते धुरकट दाखवले.

“आई, सगळं ठीक आहे. वयाचं दुखणं आहे गं.”

“तू म्हणतेस ना, मग झालं तर.”

काही महिन्यांनी आई जिन्यात पडल्या. डॉक्टरांनी विचारले, “काच नीट पाहिली होतीत ना?” ताईंनी माझे भिंग पुसले आणि तीच जुनी काच लावली. पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे एरवी तीन-चार कप्पे असतात, इथे सहा-सहा होते. बी-बारा जीवनसत्त्वाच्या कमतरतेने पेशी थोड्या आणि बेढब तयार होत होत्या. पण दम्याच्या त्या गोळ्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींच्या संप्रेरकासारखे काम करतात. रक्तवाहिन्यांच्या कडांना चिकटलेल्या पेशी त्यांनी प्रवाहात लोटल्या आणि आकडा भरून निघाला. यंत्र मोजून मोकळे झाले. आकार दाखवणे माझे काम होते, आणि ते माझ्याकडून झाले नाही.

बी-बाराच्या इंजेक्शनांनी पेशी सुधारल्या. त्या कमतरतेने तळपायांच्या नसा मात्र तोवर निकामी झाल्या होत्या, तिथली जाणीव परतली नाही.

परवा आई लॅबमध्ये आल्या. एक चप्पल दाराशीच निसटली होती, त्यांना पत्ताही नव्हता. ताई खाली बसून ती त्यांच्या पायात घालू लागल्या.

“बसली का गं पायात?” आईंनी विचारले.

ताईंनी चपलेच्या पट्ट्यावरून बोट फिरवून पाहिले.

मित्रांनो, भिंग पुसायला कागदाचा एक तुकडा पुरतो. तेवढे करत जा. आणि घरच्या माणसाची काच आधी लावा.