ठेवायला दिलेला विस्तव

मी एक जुना चिमटा आहे. पोळी भाजायचा नाजूक चिमटा नव्हे. मी लोखंडाचा, चांगला हातभर लांब, दोन पायांचा, चुलीतले निखारे उचलणारा. मी कोणाचा, असं मात्र विचारू नका मित्रांनो. इतकी वर्षं झाली, मला अजून त्याचं नीट उत्तर देता येत नाही.

माझा जन्म आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, नॉकडारा वाडीजवळच्या लोहाराकडे झाला. त्याने मोडक्या गाडीच्या चाकाची लोखंडी धाव तापवून, ठोकून मला घडवलं. म्हणजे मी आधी काही दुसराच होतो, रस्त्यावर फिरत होतो. ते मला आठवत नाही. पाण्यात बुडवल्यावर मी चर्र करून ओरडलो, तिथपासूनचं आठवतं.

मार्टिन लॅव्हेल आणि त्याची बायको केट यांच्या घरी माझा संसार सुरू झाला. आमच्याकडे दलदलीतली काळी माती विटांसारखी कापतात, वाऱ्यावर वाळवतात आणि तीच जाळतात. चूल कधी विझू द्यायची नाही, हा तिथला नेम. निजताना निखारे राखेखाली झाकायचे, सकाळी मी राख उकरायची, खाली लाल डोळा मिचकावत असायचाच. घरात बाळंतपण असो, मयत असो, विस्तव विझता कामा नये. विझलेल्या चुलीचं घर म्हणजे माणसं संपलेलं घर.

केट पाण्याला गेली की मला पाळण्यावर आडवं ठेवून जाई. पाळण्यात असे धाकटी सबिना. टेकडीतली अदृश्य माणसं पोर पळवतात, पण लोखंड ओलांडत नाहीत, अशी केटची समजूत. मी कोणाला अडवलं की नाही, ठाऊक नाही. सबिनाने मात्र माझा एक पाय तोंडात घालून बराच वेळ चोखला होता.

मग वाईट साल आलं, त्यामागून दुसरं आलं, आणि मार्टिनने अमेरिकेला जायचं ठरवलं. जायच्या दिवशी केटने चुलीतले चांगले टपोरे निखारे मला उचलायला लावले आणि शेत ओलांडून ती शेजारच्या घरी गेली. तेही लॅव्हेलच, पण नात्यातले नव्हेत. तिने आमचे निखारे त्यांच्या चुलीत सोडले.

“सांभाळा,” ती म्हणाली.

“सांभाळू. तिकडे नीट राहा,” शेजारीण म्हणाली.

गाव सोडून जाणारे असंच करत. घर पडलं तरी आपला विस्तव कुठंतरी जळतोय, एवढं बरोबर नेत. केटने मला भिंतीशी टेकवलं, डोळे पुसले आणि ती निघून गेली. मित्रांनो, ती मला विसरली की मुद्दाम ठेवून गेली? मी पुष्कळ विचार केला. कधी एक पटतं, कधी दुसरं.

परक्या घरी पहिल्या दिवसापासून माझा गोंधळ होता. आमचे निखारे त्यांच्या निखाऱ्यांत मिसळून गेले होते. हा आपला म्हणून मी एखादा उचलायचो, तर तो दुसऱ्यासारखाच दिसायचा. पण काम चुकवलं नाही. म्हाताऱ्यांचे पाइप मीच पेटवून दिले. “असा चिमटा आता घडत नाही,” असं लोक म्हणत आणि मी थोडा फुगे. पुढे त्या घरात विनी नावाची सून आली, तेव्हा सासूने मला तिच्या हातात देऊन सांगितलं, “हा आपला नाही हं. ज्यांचा आहे त्यांचा विस्तव आपल्याकडे ठेव म्हणून आहे.” विनी रोज सकाळी वाकून फुंकर घाली. तरुण होती तेव्हा घाली, म्हातारी झाली तेव्हाही.

शेवटी धुराने विनीआजीला धाप लागू लागली. मुलगा पॉरिक याने घर गरम ठेवणारा, तेलावर चालणारा बॉयलर बसवला आणि कावळे येऊ नयेत म्हणून धुराडं फळीने बंद केलं. विस्तव विझला. विनीआजीने मला घासलं, पुसलं आणि बॉयलरशेजारी खिळ्याला टांगलं. आलेगेले मला बघून “छान शोभेची वस्तू आहे” म्हणत. एवढं लोखंड अंगात असून शोभेचा.

एका दुपारी अंगणात गाडी थांबली. उतरले तिघं. पिकल्या केसांचा लिओ, त्याची मुलगी कॉलीन आणि गाडी चालवून घामाघूम झालेला, ‘रे’ नावाचा जावई. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडहून आले होते. विनीआजीने चहा मांडला.

“माझी आजी इथली. सबिना लॅव्हेल,” लिओ म्हणाला. “तिचं घर बघायचंय. डॉक्टर म्हणाले, हा प्रवास करा, पण पुन्हा नको. म्हणून एकदाच आलोय.”

“लॅव्हेल?” पॉरिकला हसू आलं. “अहो, इथं आमचा कुत्रा सोडला तर सगळे लॅव्हेल आहेत.”

“बाबांना एवढंच माहीत आहे,” कॉलीन म्हणाली. “मागे टेकडी आणि समोर समुद्र.”

“ते तर प्रत्येक घराला आहे, पोरी.”

मग लिओ कपाकडे बघत म्हणाला, “आणखी एक सांगायची ती. आमचा विस्तव शेजाऱ्यांकडे ठेवलाय. अजून जळतोय.”

विनीआजीचा किटलीचा हात हवेतच राहिला. माझं तर अंग तापल्यासारखं झालं. सबिना! माझा पाय चोखणारी. आता विनीआजी सांगणार, असं मला वाटलं. पण तिने बॉयलरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “चढावर, ओढ्यापलीकडे एक पडकं घर आहे. तेच असेल.”

मला काही कळेना. ते घर वरच्या लॅव्हेलांचं. ते कधी कुठे गेलेच नाहीत. त्यांचा शेवटचा बिनलग्नाचा म्हातारा तिथंच खुर्चीत वारला. सबिनाचं घर शेतापलीकडे, हाकेच्या अंतरावर, पॉरिकच्या मेंढ्या पावसात आडोशाला बसतात तिथं. पाहुणे आभार मानून चढावर निघाले.

“आई, ते घर नव्हे,” पॉरिक म्हणाला.

“माहीत आहे.”

“मग?”

“मग काय सांगू? या, बसा, हा तुमचा विस्तव? बटण दाबलं की पेटतो म्हणू?”

“तुझा श्वास लागत होता म्हणून बसवला ना मी.”

“मी तुला काही म्हटलं का?”

“तू काही म्हणत नाहीस, तेच तर तेव्हापासून ऐकतोय.”

खिडकीतून चढ दिसत होता. त्या परक्या पडक्या घरात लिओने टोपी काढली. चुलीच्या जागेपुढे गुडघे टेकले. एक दगड उचलून रुमालात गुंडाळला. विनीआजी बघत राहिली. मग तिने कोट चढवला, मला खिळ्यावरून काढलं आणि बाहेर पडली. मागोमाग पॉरिकही निघाला. केवढ्या वर्षांनी मी वारा खाल्ला. कुठे चाललोय, हे मात्र समजत नव्हतं.

“ऊठ बाबा, गुडघे भिजतील,” वर पोचल्यावर ती धापा टाकत म्हणाली. “हे तुझं घर नव्हे.”

“तुम्हीच तर सांगितलंत.”

“सांगितलं. खोटं सांगितलं. तो दगड ठेव खाली, भलत्याचा आहे.”

लिओने दगड ठेवला. सगळी वरात खाली उतरून शेतापलीकडच्या भिंतींपाशी आली. छप्पर नाही, गवत कमरेएवढं, कोपऱ्यात मेंढ्या. मी माझी चूल ओळखली. लिओ मात्र बावचळून उभा होता.

“आता हे तरी कशावरून?” तो म्हणाला. “रागावू नका. पण तासाभरात हे माझं दुसरं घर आहे.”

विनीआजी पॉरिककडे बघू लागली. पॉरिक मेंढ्यांकडे बघू लागला. गोष्ट अशी की, सगळेच लॅव्हेल असल्यामुळे आमच्याकडे दर घराला एक टोपणनाव असतं आणि ते पाठीमागेच घ्यायचं असतं. तोंडावर घेतलं तर दोन पिढ्या बोलणं बंद.

“सांगून टाक, आई,” पॉरिक पुटपुटला.

“तुम्ही मांजरचोर,” विनीआजी म्हणाली. “म्हणजे तू नव्हे. मार्टिनच्या बापाने पाद्रीबुवांचं मांजर उचलून आणलं होतं. घरात उंदीर झाले होते. तेव्हापासून तुम्ही मांजरचोर लॅव्हेल. मार्टिनची सबिना, मांजरचोरांची धाकटी.”

लिओ पडक्या भिंतीवर बसला. आधी मला वाटलं त्याला त्रास होतोय. तो हसत होता.

“आजी आम्हाला मांजर पाळू देत नसे,” तो कॉलीनला म्हणाला. “किती रडलो असेन मी. कारण कधी सांगितलं नाही तिने.”

विनीआजी हसली नाही. “तुमचा विस्तव आमच्याकडे होता,” ती म्हणाली. “राहिला नाही. विझला. माझ्या हातून.”

मग लिओने विचारलं, “आजी गेली तेव्हा जळत होता का? ही कॉलीन जन्मली त्या साली गेली ती.”

विनीआजीने कॉलीनकडे नीट पाहिलं, वयाचा अंदाज घेतला. “तेव्हा जळत होता. मीच फुंकत होते.”

“मग ती खोटं बोलत नव्हती,” लिओ म्हणाला. “सगळे तिला हसायचे. माझा बापसुद्धा. विस्तव म्हणे ठेवलाय समुद्रापलीकडे. मी पण हसायचो.” आणि त्याने तोंड फिरवलं.

विनीआजीने मला त्याच्या हातात दिलं. “हा तुमच्या घरचा.”

“छे, इतकी वर्षं तुम्ही वापरला. तुमचाच.”

“तुमचा आहे, घ्या.”

“नाही, विनीबाई, तुम्हीच ठेवा.”

एक पाय त्याच्या हातात, एक तिच्या. कोणाकडे ओढलं जावं, मला ठरवता येईना. मग तिने हात सोडला आणि डोळे पुसायला त्याने मला चुलीच्या दगडावर ठेवलं. तेवढ्यात जावई रे याने फोटोसाठी सगळ्यांना भिंतीशी बोलावलं, तेवढ्यात सर आली, पॉरिक म्हणाला, “चला, चहा पुन्हा गरम करू,” आणि सगळे डोक्यावर कोट धरून पळाले.

मित्रांनो, मी अजून त्याच दगडावर आहे.

परवा पॉरिक मेंढ्या बघायला आला होता. कुंपणापलीकडच्या माणसाला सांगत होता, “चिमटा गेला अमेरिकेला. आई म्हणते, बरं झालं, ज्यांचा त्यांना मिळाला.” माझ्यापासून चार पावलांवर उभा होता. तिकडे लिओ सांगत असेल की चिमटा विनीबाईंच्या खिळ्याला आहे. दोघंही भली माणसं. विचारलं तर दिलेलं परत मागितल्यासारखं होईल, म्हणून एकमेकांना विचारणार नाहीत.

माझ्या अंगावर गंज चढतोय. पावसाचं पाणी सांध्यात साचतं, पाय आता पूर्वीसारखे उघडत नाहीत. कधी वाटतं, मी हरवलो. कधी वाटतं, केट पाण्याला गेली आहे, सबिना पाळण्यात आहे, मी आपल्या घरी आहे. यातलं खरं कोणतं, ते सांगणारं इथं कोणी नाही. मेंढ्या आहेत, पण त्या नुसत्या चघळतात.

तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनंपानं असेल. त्याला पुसा, तेल लावा, हे तर कराच. पण ते कोणाचं, कुठून आलं, हे सांगणारं माणूस आहे तोवर त्याला विचारा. भीड धरू नका. आणि कधी नॉकडाऱ्याला आलात, तर शेतापलीकडच्या पडक्या घरात डोकावा. गवत बाजूला सारा. मी दिसलो, तर मला उचलून कोणाकडे नेऊन द्यायचं, ते तुम्हीच ठरवा. मला विचारू नका.