मंडळीचा प्याला आणि पेटीतली अकरा वर्षे

तुमच्या घरातल्या फुलपात्राहून मी थोडा उंच आहे. मी एक जुना तांब्याचा प्याला आहे, मित्रांनो, आणि निपाणीपासून दोन कोसांवरच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या कपाटात राहतो.

१९०८ साली बेळगावात, खासबागेजवळ, आण्णाप्पा तांबटाने मला ठोकून घडवले. माझ्या पोटाला त्याने पांढरीशुभ्र कल्हई केली. मला न्यायला रवळू आला होता. तो निपाणीत तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा.

"एवढा मोठा प्याला एका माणसाला?" आण्णाप्पाने विचारले.

"एकाला न्हाय. अकरा घरांला," रवळू म्हणाला.

अकरा घरांचीच ती मंडळी. गावात त्यांना पाणी मिळे ते वरून, ओंजळीत ओतलेले. भांड्याला हात लावायची मुभा नव्हती. पहिल्या प्रभुभोजनाला भिजवलेल्या मनुकांचा रस माझ्यात भरला. येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून प्रत्येकाने भाकरीचा तुकडा खाल्ला आणि माझ्या काठाला ओठ लावून एक घोट घेतला. अक्काताई नावाच्या विधवेपुढे मी आलो, तेव्हा तिने सवयीने ओंजळ पुढे केली.

"ओंजळ कशाला, आक्का? तोंड लाव," रवळू हळूच म्हणाला.

ती प्यायली आणि कितीतरी वेळ मला हातातून सोडेना. त्या दिवसापासून मला धुऊन पुसून ठेवण्याचे काम तिने आपणहून घेतले.

मंडळीचे पाळक मारुतीराव. ते दिवसा शाळाही चालवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पस्तिशी उलटलेल्या रवळूला ते आप्पा म्हणत. त्याला त्यांनी पवित्र शास्त्राच्या ओळींवर बोट ठेवून वाचायला शिकवले. रवळूने पुढे पानेच्या पाने पाठ केली. पोती उचलताना तो ती पुटपुटत असे.

मग १९२५ साली मारुतीरावांनी बेळगावहून शास्त्राचे नवे मराठी भाषांतर आणले. रविवारी सगळे मिळून मोठ्याने वाचायची रीत होती. निम्म्यांनी नव्यातून वाचले, निम्म्यांनी जुन्यातून. शब्दावर शब्द आदळू लागले. दोन्हीकडचे आवाज चढले आणि मग एकदम सगळे थांबले.

"मास्तर, तुमीच मला ही अक्षरं शिकवलासा," रवळू म्हणाला. "आता म्हणता ती चुकली."

"चुकली न्हाईत, आप्पा. भाषा जुनी झाली. अर्थ तोच हाय."

"अर्थ तोच असंल तर बदललं कशाला?"

"पोरांला कळावं म्हणून."

मी मेजावर होतो. मला दोघांचेही पटत होते. पण प्याल्याला कोण विचारतो?

पुढच्या रविवारी रवळूसह सहा घरे त्याच्या पडवीत वेगळी बसली. त्याच आठवड्यात मला न्यायला दोन्हीकडची माणसे अक्काताईच्या दारी आली. ती उंबऱ्यावरून उठली नाही.

"मंडळीचा प्याला हाय ह्यो. मंडळी मिळून आली की देईन. अर्ध्याला न्हाय."

तिने मला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळले आणि आपल्या लाकडी पेटीत ठेवले.

मित्रांनो, त्या पेटीत मी अकरा वर्षे होतो. रविवारी मला दोन बाजूंनी गाणी ऐकू येत. गाणे तेच, चालही तीच, पण एक बाजू दुसरीच्या ओळभर मागे. अक्काताई एका रविवारी इकडे जाई, एका रविवारी तिकडे. दोन्हीकडे तिला कुणी "हिकडं बस" म्हणत नसे. परत येऊन ती एकटी जेवत असे. सुरुवातीला ती मला बाहेर काढून पुसायची. पुढे तिच्या हातांतले बळ गेले. माझी कल्हई झिजली, ओल धरली. ओठांवाचून राहिलेला प्याला म्हणजे नुसते तांबे, हे मला तेव्हा कळले.

१९३६ साली अक्काताईने अंथरूण धरले. तिने रवळू आणि मारुतीराव, दोघांनाही बोलावून घेतले.

"मला प्रभुभोजन द्या. दोघांनी मिळून. त्याच प्याल्यातनं."

पेटी उघडली. माझे पोट हिरवे पडले होते.

"ह्यातनं प्यालं तर विष व्हईल," मारुतीराव म्हणाले. "निपाणीला जाऊन कल्हई करून आणतो."

"एकटं न्हाय. मी बी येतो," रवळू म्हणाला. त्याचा मास्तरांवर अजून विश्वास नव्हता.

दोन कोसांच्या वाटेत रवळू मारुतीरावांच्या पावलांच्या आवाजामागून चालला. कल्हईवाल्याकडे आधीच्या घागरी होत्या, म्हणून ते लिंबाखाली बसले. रवळू माझ्या काठावरून अंगठा फिरवत राहिला. त्याची नजर माझ्यावर नव्हती, कुठेच नव्हती.

"आप्पा, डोळं?" मारुतीरावांनी विचारले.

"दोन वर्सं झाली. पुस्तक उघडतो, पान उलटतो आन् पाठ हाय त्येवढं म्हणतो. कुणाला सांगितलं न्हाय."

मारुतीराव त्याच्याजवळ सरकले.

"माझी लेक लतिका गेली त्या दिवशी," ते म्हणाले, "मी नवं शास्त्र उघडलं. डोळं पुस्तकावर, पण तोंडात जुनंच आलं. आपण दोघांनी म्हटल्यालं."

"मला कळीवलं न्हाय."

"तुमी आला असता?"

रवळूने मान खाली घातली. "न्हाय. खोटं कशाला बोलू? आलो नसतो."

मग कल्हईवाल्याने मला विस्तवावर धरले. नवसागराचा धूर निघाला, कथील पसरले आणि माझे पोट पुन्हा पांढरे झाले. परतताना मारुतीरावांनी रवळूचा हात धरला होता. दगड आला की ते सांगत आणि रवळू पाय उचली.

अक्काताईने एकच घोट घेतला. रवळूने काखेतले जुने शास्त्र मारुतीरावांपुढे धरले. "वाचा, मास्तर." वाचून झाल्यावर तो म्हणाला, "आता तुमचंबी वाचा. ऐकतो मी."

चार दिवसांनी अक्काताई गेली. मला पुसणारे तसे हात पुन्हा मिळाले नाहीत.

मंडळी पुन्हा एकत्र बसू लागली. एका रविवारी जुने शास्त्र, एका रविवारी नवे, आणि एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे, असे ठरले. पण सगळे आले नाहीत. तीन घरे दूरच राहिली. आज १९४७ साल आहे. रवळूही आता नाही. मी वर्षातून चारदा कपाटाबाहेर येतो, बाकीचे दिवस एकटाच असतो.

म्हातारे मारुतीराव प्रभुभोजनाला माझ्या तळाशी थोडा रस मुद्दाम ठेवतात. सगळ्यांचे झाले की दाराकडे पाहत थांबतात. कुणी येत नाही. मग तो रस ते बाहेर मातीत ओततात.

मित्रांनो, तांब्याच्या भांड्याला वेळच्या वेळी कल्हई करा. आत काय साचले ते बाहेरून दिसत नाही. आणि शब्दांवरून कुणाशी बिनसले, तर त्याच आठवड्यात त्याच्या दारी जा. तुमच्यापैकी कुणी आमच्या वस्तीवरून गेलात, तर त्या तीन घरांत माझा एवढा निरोप द्या: तुमच्या वाटचा घोट अजून ठेवलेला असतो.