पंपापाशी थांबलेली कुत्री

फेब्रुवारी लागला की विसी रोज सकाळी गाडी काढून रस्ते धुंडाळायची. जानेवारीअखेर सशांच्या शिकारीचा हंगाम संपे, आणि मग त्या सपाट, गव्हाच्या मुलखात रस्त्याकडेला, पुलाखाली, बंद पडलेल्या वीटभट्टीत, कुठेही गाल्गो सापडू लागत. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखे पळणारे शिकारी कुत्रे. हंगामभर मालकाने गावात मिरवलेले, आणि हंगाम सरला की त्यालाच नकोसे झालेले.

विसीने शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं मसूर शिजवले होते. निवृत्त झाल्यावर तिने गावाबाहेरचा एक ओसाड मेंढवाडा घेतला आणि तिथे या कुत्र्यांसाठी निवारा उघडला. जनावरांची डॉक्टर बेगोन्या आठवड्यातून दोनदा येई. बाकी साफसफाई, औषधपाणी, नवी घरं शोधणं, सगळं विसीच्याच अंगावर.

त्या वर्षी एक राखाडी कुत्री काही केल्या हाताला लागत नव्हती. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपामागे शेतात पाणी वाहून जायची एक मोरी होती, तिच्यात ती राहायची. पंपावरची माणसं पाव टाकत, पण माणूस दूर गेल्याखेरीज ती तोंड लावत नसे. विसीने सापळ्याचा पिंजरा लावून पाहिला. गुंगीचं औषध घालून मांस ठेवलं, तर बयेने औषधाचा तुकडा तेवढा बाजूला सारून बाकीचं फस्त केलं. सात आठवडे झाले. ती वाळून काटकी झाली, पण पंप सोडून शंभर पावलं लांब जाईना.

मार्चच्या शेवटी एका सकाळी लेओन्सिओ निवाऱ्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला, अंगात काळा स्वेटर. बायकोला, फेलिसाला, पुरून त्याला बारा दिवस झाले होते. गावच्या बारमध्ये शिकारीच्या शर्यतींचे जे चषक मांडलेले होते, त्यातले निम्मे त्याच्या कुत्र्यांनी आणलेले. पन्नास वर्षांत त्याने किती गाल्गो पाळले आणि त्यांचं पुढे काय झालं, हे गावात कुणी कुणाला विचारत नसे.

"फेलिसाचं ऐकून वाईट वाटलं," विसी म्हणाली. "पण इकडे कसे वाट चुकलात?"

"पंपावरची ती राखाडी. मी धरून देतो."

"तुम्ही? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!"

"उगवला असेल. येतेस का?"

विसी गेली. पंपामागे पोचल्यावर लेओन्सिओने तिला गाडीतच बसायला सांगितलं. तो एकटा शेतात उतरला, मोरीपासून बऱ्याच अंतरावर थांबला आणि तिकडे पाठ करून ओल्या मातीत खाली बसला. मग त्याने हलकीशी शीळ घातली आणि हाक मारली, "गोलोंद्रिना."

मोरीतून राखाडी डोकं बाहेर आलं. कुत्री उठली, दोन पावलं चालली, आणि पुढचं सगळं अंतर पोटावर सरपटत आली. भीतीने तिचं मूत वाहत होतं, तरी ती येतच राहिली. त्याच्या बुटावर हनुवटी टेकवून तिने डोळे मिटले. लेओन्सिओने तिच्या गळ्यात दोरी अडकवली तेव्हा तिने अंगसुद्धा हलवलं नाही.

परतताना विसीने एकच प्रश्न विचारला. "नाव कसं माहीत तुम्हाला?"

उत्तर मिळालं ते बेगोन्याच्या तपासणीच्या टेबलापाशी. तिने कुत्रीच्या मानेवरून यंत्र फिरवलं. मालकाचं नाव सांगणारी चिप त्वचेखाली असायला हवी होती, पण यंत्र गप्प राहिलं. केस बाजूला सारले तर खाली दोन बोटं लांबीचा वण.

"चिप कापून काढलीय," बेगोन्या म्हणाली. "चाकूने. कुठल्या हलकटाचं काम आहे हे?"

"माझं," दाराशी उभा असलेला लेओन्सिओ म्हणाला.

दोघींनी मान वळवली.

"माझ्याच घरी जन्मली ती. गोलोंद्रिना नाव मीच ठेवलं. दोन हंगाम अशी पळाली की लोक बघत राहायचे. तिसऱ्या हंगामात घाण धावायला लागली."

"घाण म्हणजे?"

"गाल्गोने सशाच्या मागोमाग पळायचं. तो वळेल तसं वळायचं. ही आडवी जायला लागली. ससा कुठे वळणार ते आधीच ओळखायची आणि तिथे जाऊन उभी राहायची. बारमध्ये हसायला लागले मला."

"म्हणजे डोकं चालवलं म्हणून सोडलीत," बेगोन्या म्हणाली.

"हो."

तो थांबेल असं त्यांना वाटलं, पण तो बोलत राहिला. फेलिसा शहरातल्या हॉस्पिटलात होती. दर मंगळवारी तो बसने तिच्याकडे जायचा. बस पंपावरूनच जाते. "पहिल्याच मंगळवारी दिसली. जिथे सोडली होती तिथेच, रस्त्याकडे तोंड करून बसलेली. असे सात मंगळवार. एकदाही उतरलो नाही."

"का?" विसीने विचारलं.

"बस थांबवा म्हणायची लाज वाटली. सगळे ओळखीचे असतात बसमध्ये." त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "फेलिसा दर वेळी विचारायची, गोलोंद्रिना कशी आहे म्हणून. मी सांगायचो, बरी आहे, खातेपिते."

विसीचा तोल सुटला. "चालता हो इथून! पुन्हा तोंड दाखवू नकोस!" इतकी वर्षं त्याला तुम्ही म्हणणाऱ्या बाईच्या तोंडून अरे-तुरे निघालं, आणि लेओन्सिओ निमूट निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने सिव्हिल गार्डच्या पोलीस चौकीत तक्रार नोंदवली. शिपाई जबाब घ्यायला गेला तर लेओन्सिओ टेबलाशी तयारच बसलेला होता. जे घडलं ते त्याने सगळं सांगितलं, सही केली. पुढे निकाल लागला: तीन वर्षं कुत्रा पाळायला बंदी. घरात उरलेले दोन गाल्गो त्याने स्वतः निवाऱ्यात आणून बांधले.

पण हे सगळं पुढचं. तोवर निवाऱ्यात वेगळंच संकट उभं राहिलं. गोलोंद्रिना खाईना. उकडलेली कोंबडी ठेवली, चीज ठेवलं, बोटाला कालवण लावून चाटवून पाहिलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. चौथ्या दिवशी बेगोन्याने सलाइन लावलं.

"त्याला बोलाव," ती म्हणाली.

"त्या माणसाला? मी जिवंत असेपर्यंत नाही."

"तू जिवंत राहशील गं. ही राहणार नाही."

पाचव्या दिवशी विसी स्वतः त्याच्या दारात गेली. आत न जाता उंबऱ्यातूनच बोलली. "चल. पण एक पक्कं लक्षात ठेव. ती तुला परत मिळायची नाही. तुला यायचंय ते तिला तुझ्यावाचून जेवायला शिकवायला."

लेओन्सिओने एकदा तिच्याकडे पाहिलं. "कळलं," म्हणाला आणि कोट घातला.

मग ते विचित्र शिक्षण सुरू झालं. पहिला आठवडा तो कुत्रीच्या खोलीत जमिनीवर बसून तिला हाताने भरवायचा. दुसऱ्या आठवड्यात त्याच्या शेजारी विसी बसू लागली, आणि घास आळीपाळीने त्याच्या नि तिच्या हातातून जाऊ लागला. पुढे तो जाळीबाहेर बसला. पुढे विसीने त्याचा काळा स्वेटर अंगात घालून एकटीनेच जेवण नेलं. कुत्रीने वास घेतला, विसीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बऱ्याच वेळाने वाडग्यात तोंड घातलं. जाळीपलीकडून लेओन्सिओ बघत होता. तो झाडू उचलून दुसऱ्या कुत्र्यांच्या खोल्या धुवायला निघून गेला.

गाडीचं मागचं दार उघडल्याचा आवाज झाला की गोलोंद्रिना दगडासारखी ताठ होई. का, ते लेओन्सिओला ठाऊक होतं. मे महिन्यात रोज सकाळी तो विसीच्या उघड्या गाडीत मागे बसून पाव खायचा आणि तुकडे खाली टाकायचा. सोळाव्या दिवशी तिने पुढचे पाय गाडीत टेकवले.

जूनमध्ये ती विसीसोबत ओढ्यापर्यंत फिरून येऊ लागली. मग लेओन्सिओ आपणहून मागच्या फाटकाने ये-जा करू लागला, गोलोंद्रिनाच्या नजरेस पडणार नाही असा. विसीने हे पाहिलं, पण त्याच्याशी तिचं वागणं बदललं नाही. कामापुरतं बोलणं, तेही कोरडं.

जुलैतल्या एका सकाळी टाकी घासताघासता त्यानेच विषय काढला.

"तीन वर्षांनी माझी बंदी उठेल."

"मग?"

"तोवर तिला इथेच ठेवलीस तर..."

"नाही."

"मी बदललोय, विसी."

"असशील बदलला. पण त्याची परीक्षा तिने का द्यावी?"

लेओन्सिओने ब्रश पाण्यात बुडवला आणि पुन्हा घासायला घेतलं. ती टाकी त्या दिवशी त्याने दोनदा घासली.

ऑगस्टमध्ये आस्तोर्गाहून ओबदुलिया नावाची बाई आली. पोस्टातून निवृत्त झालेली, थोराड, हळू बोलणारी. घराला अंगण, घरात एक म्हातारा कुत्रा. ती तीनदा आली आणि तिन्ही वेळा काही न मागता गोलोंद्रिनाजवळ नुसती बसून राहिली. तिसऱ्या वेळी कुत्रीने तिच्या मांडीवर मान ठेवली. दिवस ठरला.

"शनिवारी येऊ नकोस," विसीने लेओन्सिओला सांगितलं.

"नाही येत." त्याने खिशातून टपालाचं एक जुनं पाकीट काढून दिलं. पाकिटावर पेन्सिलीने वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: विजांना घाबरते. पावाची कड रश्श्यात बुडवून दिली तर खाते. पहाटे मागचा डावा पाय आखडतो, तेव्हा हाताने चोळावा. कान खाजवलेला आवडत नाही, गळ्याखाली आवडतं.

शनिवारी ओबदुलियाने ते वाचलं. "कुणी लिहिलंय?"

"तिला जन्मापासून ओळखणाऱ्याने," विसी म्हणाली. त्याहून जास्त तिला सांगवेना. नंतर वाटलं, सगळं सांगायला हवं होतं, आणि आठवड्याभराने तिने फोन करून सगळं सांगितलंही. ओबदुलियाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाय मात्र तो सांगतो तसाच आखडतो हो."

त्या शनिवारी दुपारी विसी लेओन्सिओकडे गेली. तो स्वयंपाकघरात मसुराची ताटली पुढ्यात घेऊन बसला होता. खाल्लेलं काही दिसत नव्हतं.

"गेली?"

"गेली. स्वतःच चढली गाडीत."

"मागे वळून पाहिलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," विसी म्हणाली.

त्याने चमचा खाली ठेवला. "बरं झालं," म्हणाला, आणि मग खांदे गदगदू लागले तसा त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. विसी दाराशी उभी राहिली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं नाही, निघून जावं असंही वाटलं नाही. तिने समोरची खुर्ची ओढली आणि त्याचं रडणं संपेपर्यंत तिथेच बसून राहिली.

पुढच्या जानेवारीत, हंगाम संपायच्या आत, लेओन्सिओ आसपासच्या शिकाऱ्यांच्या दारोदार फिरला. "सोडायचाच असेल तर माझ्याकडे द्या, मी विसीकडे पोचवतो," एवढंच सांगायचा. एकाने तोंडावर दार आपटलं. बारमध्ये कुणी त्याच्या टेबलाशी बसेना, आणि त्याच्या कुत्र्यांचे चषक फळीवरून कधी खाली उतरले तेही कुणी त्याला सांगितलं नाही. तरी तिघांनी, अंधार पडायच्या बेताला, मान खाली घालून आपापला कुत्रा त्याच्या अंगणात आणून बांधला.

आदल्या फेब्रुवारीत विसीने रस्त्यावरून एकवीस गाल्गो उचलले होते. या फेब्रुवारीत अठरा उचलले.