सायकलवीराची आई

माझ्या लेकाचा फ्लेक्स चौकात लागला तवा मी डेअरीला दूध घालून येत होते. डोळ्याला गॉगल, हातात सायकल, मागं द्राक्षाची बाग, आन् खाली हातहातभर अक्षरं: फ्रान्स देश सायकलवर पालथा घालणारे विक्रमदादा यांचा जाहीर सत्कार. ज्यानं यवतला मिसळ खायला सायकलवर जाऊन येताना सायकल टेंपोत घालून आणली, तो देश पालथा घालणार. आमच्या भांडगावात कुणी शिंकलं तरी शाल-नारळ तयार असतो, म्हणून मला नवल न्हाई वाटलं. राग आला.

हे खूळ आलं कुठनं ते सांगते. विक्रमचे पुण्यात चार दोस्त हायेत, हायवेच्या कडंच्या जमिनी इकून बंगल्यात राहायला गेलेले. कामधंदा काही न्हाई, मग सकाळी उठून सायकली हाणतात. त्यांनी ठरवलं, बायकांसकट फ्रान्सला जायचं आन् तिथल्या खेड्याखेड्यातनं, नदीच्या काठाकाठानं सायकलवर फिरायचं. मी म्हणलं, खेडंच बघायचंय तर हितं काय मुंबई लागून गेली का? तर मला म्हणला, "आई, तुला नाही कळायचं. ते फ्रेंच खेडं आहे." न्हाईच कळायचं मला. शेणात हात घालून जन्म गेला, मला खेडं कसं कळंल?

त्यात कारखान्याच्या संचालकाची निवडणूक तोंडावर. आमच्या गटाचे पुढारी आण्णा, त्यांनी ह्याच्या कानात घातलं, की औंदा उमेदवार तरणा पाहिजे, तब्येतीचा पाहिजे, परदेश बघितलेला असला तर बघायलाच नको. झालं. महागाची सायकल आली, डोक्याला टोपलं आलं, बुडाला उशी शिवलेली तंग चड्डी आली. ती चड्डी दोरीवर वाळत घातली की मला अंगणातनं मान खाली घालून जावं लागायचं.

मोनालीला, म्हंजी माझ्या सुनंला, त्यानं सांगून टाकलं, "तुला कुठं सायकल येते? सामान न्यायला गाडी असते सोबत. तू त्यात बसून ये." दुसऱ्या दिवशी ती भांडी घासता घासता मला म्हणली, "आत्या, तुम्हाला सायकल येते ना?"

मला येती. माहेरी पारगावला बापाची उंच सायकल होती, तिच्या दांड्याखालनं पाय घालून शिकले होते. लगीन झालं आन् सुटलं ते.

मग रोज उजाडता उजाडता कालव्याच्या सडकंवर आम्ही दोघी. ती सीटवर, आन् मी पदर खोचून मागनं कॅरेज धरून पळतीय. गावाला तेवढीच करमणूक झाली. सासूला आन् सुनंला एकदम याड लागलं म्हणायचे. दोनदा ती घाणेरीच्या झुडपात पडली, एकदा मी तोंडावर पडले. पण एके दिवशी मी कॅरेज सोडलं ते तिला कळलंच न्हाई, ती पार पुलापतुर गेली. मी सडकंच्या मधी उभी राहून एकटीच हसत होते. विक्रम पहिल्यांदा चालला तवा बी मला एवढा आनंद झाला नव्हता. खोटं कशाला बोलू.

फ्रान्सला गेल्यावर ती रोज तोंड दिसायचा फोन करायची, म्हणून तिथली गावं मी बी बघितली. दगडाची घरं, खिडक्यांना फुलं, आन् भर दुपारी रस्त्यावर काळं कुत्रं न्हाई. दुकानाला कुलूप लावून सगळे जेवायला जातात म्हणं. बागा बाकी चांगल्या, तणाची एक काडी न्हाई. माणसं हातभर लांबीचा पाव काखंत मारून चाललेली. तिथल्या चीजचा वास विक्रमला सोसंना. दोन दिवस त्यानं घरनं नेलेल्या ठेच्यावर काढले आन् मग पोट धरलं.

तिसऱ्या दिवशी मोनाली म्हणली, "आत्या, हे आजपासून गाडीत बसलेत. गुडघा धरलाय म्हणतात."

गुडघा कसला, बूड धरलं असंल. तिनं फोन फिरवून दाखवला. बॅगांच्या मधी पडून माझं लेकरू तोंड उघडं टाकून घोरत होतं. हिचं तोंड मातूर उन्हानं तांब्यासारखं झालेलं, आन् हसू मावत नव्हतं. पुढं वाट दाखवायला तिथलीच एक फ्रेंच बाई होती, साठीची. ही विक्रमची सायकल घेऊन तिच्या मागोमाग जायची. एका चढाला विक्रमचे दोस्त उतरून चालायला लागले, ही उतरली न्हाई. दहा वर्षं घरात मान खाली घालून वावरलेली ही बाई, तिला मी एवढं बोलताना कवा ऐकलंच नव्हतं. नदी जिथं समुद्राला मिळती तिथवर ती सायकलवर गेली. तिथं उभी राहून रडली आन् मला बी रडवलं. तेवढ्यात विक्रम गाडीतनं उतरला, तिच्या हातातली सायकल घेतली, आन् म्हणला, माझा एक फोटो काढ. फोटोत द्राक्षाची बाग पाहिजे म्हणून तिला परत बागंपतुर चालवलं. चौकात लागलाय तो हाच फोटो.

घरी आल्यापासनं ह्याची जीभ थांबंना. सलूनात, सोसायटीत, चहाच्या टपरीवर, जिथं दोन माणसं दिसतील तिथं वारा कसा समोरनं होता आन् पाय कसे भरून यायचे. मी मोनालीला म्हणलं, "तू बोलत का न्हाईस?"

ती मेथी निवडत होती. "जाऊ द्या, आत्या."

"का जाऊ द्या? पाय तुझे, घाम तुझा, आन् शाल त्या घोरणाऱ्याला?"

"मला नाही गरज वाटत," म्हणली आन् उठून आत गेली.

मला वाटलं, हिची जीभच उचलत न्हाई. आपल्यातल्या बाया अशाच, हक्काचं पदरात पडायची येळ आली की पदर आवळून घेतात. हिला बोलता येत न्हाई तर बोलायची जागा मी करून देते, असं मी मनाशी ठरवलं. ह्या गावासमोर हिचं नाव निघालंच पाहिजे.

सत्काराला देवळापुढं मांडव घातला. स्पीकरवर गाणी. विक्रमला फेटा बांधला, तो त्याच्या कपाळावर सारखा घसरत होता. पहिल्या रांगेत आमचे मालक, विक्रमचे आबा, मिशीला पीळ देत बसलेले. लेकाला गाडीत घोरताना त्यांनी माझ्या खांद्यावरनं बघितलं होतं, तरी मान डोलवत होते. बाप तो बापच. आण्णा बोलले, सरपंच बोलले, मग हा उठला. "समोरून वारा होता, वर चढ होता, पण मी म्हटलं, मराठी माणूस पॅडल सोडत नाही." टाळ्या. माझ्या शेजारची बाई डोळे पुसायला लागली. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग आण्णा म्हणले, "आता या वीरमातेनं दोन शब्द बोलावेत."

मी गेले. माईक हातात घेतला आन् म्हणलं, "आण्णा, मी फ्रान्सला गेले न्हाई. पण सायकल कुणाच्या पायांनी चालली ते मला ठाऊक हाय. ते पाय माझ्या सुनंचे, ती खाली बसलीय. तिनं वर यावं आन् खरं काय ते सांगावं."

विक्रमचं तोंड उतरलं, फेट्यावरचा हात तसाच राहिला. आण्णा माझ्याकडं बघंनात. मोनाली उठली, पदर नीट केला, सावकाश वर आली. तिनं माईक घेतला.

"सगळा प्रवास ह्यांनीच केला," ती म्हणली. "मी सामानाच्या गाडीत होते. आत्यांचा माझ्यावर जीव आहे ना, त्यांना सगळ्यात मीच दिसते."

माणसं हसली. आधी बाया हसल्या, मग सगळा मांडव. आण्णांनी मोठ्यानं टाळ्या वाजवल्या आन् म्हणले, सासू-सुनंचं असं प्रेम तालुक्यात शोधून सापडणार न्हाई. विक्रमनं माझ्या खांद्यावर शाल टाकली. त्या शालीनं माझ्या अंगावर काटा आला. आन् खरं सांगू का, त्या घटकंला मला लेकापेक्षा सुनंची जास्त शिसारी आली. तो खोटारडा हाय हे मला ठाऊकच होतं. पण हिनं आपलं तोंड आपल्या हातानं मातीत घातलं, आन् संगट माझं बी.

घरी आले तशी चुलीपुढं बसले. ती पीठ घेऊन आली, मी परात ओढून घेतली. म्हणलं, "जा. नवऱ्याचा फेटा सोडून ठेव घडी घालून."

ती गेली न्हाई. माझ्यासमोर बसली.

"आत्या, त्या वाट दाखवणाऱ्या बाई पुढच्या वर्षी तिथल्याच दुसऱ्या नदीकाठानं नेणार आहेत. महिनाभर. मी जाणार आहे, एकटी."

"कोण धाडतंय तुला?"

"हेच. मी गप्प बसायचं आणि ह्यांनी मला जाऊ द्यायचं, असं ठरलंय आमचं."

मला हसूच आलं. "आन् त्याचा शब्द तू खरा धरलास? त्याचा?"

"शब्द नाही धरला. तिकीट आधी काढून घेतलं. पैसे भरून झालेत. आबांना पण ह्यांच्याच तोंडून सांगायला लावलं, माझ्यासमोर. पासपोर्ट माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे." बोलता बोलता तिनं परात माझ्याकडनं हळूच काढून घेतली आन् पीठ मळायला लागली. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. पण तुम्ही चिडला असता आणि बोलून गेला असता. आज गेलातच."

"मंग तो सत्कार? गावानं तुला कवाच ओळखायचं न्हाई?"

"सत्काराचं काय करायचं, आत्या? नारळ फोडला की चटणी होते. मला तिथं जायचंय."

मांडवातनं अजून गाण्याचा आवाज येत होता. ती भाकरी थापत होती, घाई न्हाई, काही न्हाई. मला तिच्यावर चिडता बी येईना.

गप तर मी बी बसले जन्मभर. सासऱ्याच्या बढायांवर बसले, मालकांच्या थापांवर बसले, लेकाच्या तर आज सकाळपतुर बसले. पण त्याच्या बदल्यात कुणाकडनं माहेरच्या, पारगावच्या एसटीचं तिकीट सुदीक मागून घेतलं न्हाई.